मेंढ्यांसकट फोटो

नव्वदच्या दशकाच्या शेवटी माझ्याजवळ एक सेकंडहँड कॅमेरा होता, एक पिशवी होती आणि पायाला भिंगरी होती. नातेवाईक मला रिकामटेकडा म्हणत. म्हणोत बापडे! हिंगोली ते वाशीमची हद्द पायी हिंडताना मला जे सुख मिळालं, ते त्यांच्या काचेच्या कपाटात मावलं नसतं.

एका उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याजवळच्या वावरात मेंढ्या बसल्या होत्या. आमच्याकडे पिकं निघाली की शेतकरी मेंढपाळाला बोलावतो. कळप काही दिवस रानात बसतो, जमिनीला लेंडीखत मिळतं आणि मेंढपाळाला धान्य. मी कॅमेरा काढला, तशी मेंढपाळाची बायको फटकन म्हणाली, "फोटू काढून नेनारे लई येतात. आनून देनारा एक बी न्हाई आला."

मला झोंबलं. "मी आणून देईन," मी म्हणालो.

"मंग समद्यायचा काढा. मेंढ्यासकट, घोड्यासकट, कुत्र्यासकट. सेनगावच्या स्टुडिओत आमी मावू, मेंढ्या कुठं मावतील?"

रोलमध्ये एकच फोटो उरला होता. बांधावर चढलो, श्वास रोखला आणि बटण दाबलं. रोल धुऊन येईपर्यंत जीव नुसता टांगणीला. शेवटचा फोटो अर्धा कापला जातो, हे मला माहीत होतं. पण आला, अख्खा आला! कोपऱ्यातल्या कुत्र्याची शेपटीसुद्धा शाबूत. हौसेनं मी तो मोठा करून घेतला आणि हिंगोलीतल्या एका फ्रेमवाल्या चाचांकडे नेला. "इतनी सारी भेडें!" ते म्हणाले आणि त्यांनी जाड लाकडी चौकट, वर काच अशी झकास फ्रेम बनवली.

परत नाक्यावर आलो तर वावर रिकामं. आता सापडणार कसे? आज खिशातला मोबाइल काढून दोन मिनिटांत विचारता येतं, आणि मीही तेच करतो. तेव्हा माझ्याजवळ पाय होते आणि तोंड होतं. वावरात लेंड्या दिसल्या की धुरेकऱ्याला, म्हणजे बांधाशेजारच्या शेतकऱ्याला, विचारायचं. "तीन रोज झाले, म्होरं गेल्या," असं उत्तर मिळालं की पुढची वाट धरायची. लेंड्या जितक्या ओल्या, तितका माझा उत्साह वाढे. एवढ्या भक्तीनं मी कधी पुस्तकसुद्धा वाचलं नाही. सेनगावला जीपवाला म्हणाला, "फ्रेम टपावर टाका." मी त्याच्याशी कडाकडा भांडलो आणि ती मांडीवर घेऊन बसलो.

चौथ्या दिवशी साखऱ्याच्या शिवारात आधी कुत्रं भुंकलं. मग मेंढ्या दिसल्या.

बाईनं फोटो हातात घेतला. मग बोट ठेवून सांगू लागली, "ही काळतोंडी. ही लंगडी. ह्यो आपला घोडा." आणि एकदम विहिरीवरच्या नवऱ्याला हाक मारली, "आनला व्हो फोटू! आनला त्यायनं!" तो आवाज साऱ्या शिवारात गेला असेल. मला इतका आनंद झाला की तो लपवावासाही वाटला नाही. मी दिलेला शब्द पाळला होता आणि आता कोणी मला रिकामटेकडा म्हणून दाखवावंच.

तेवढ्यात ती फ्रेम खालीवर करत हसायला लागली. "पर भाऊ, ह्ये टांगू कुठं? आमाला भित कुठंय?"

मी कपाळावर हात मारला. साध्या राहणीवर गावोगाव प्रवचन झोडणारा मी! चार दिवस काच जिवापलीकडे जपली आणि एवढं साधं सुचलं नाही. मग मी तिच्याहून मोठ्यानं हसलो.

तिनं विळ्याच्या टोकानं मागचे खिळे वाकवले, फोटो अलगद काढला आणि चौकट नि काच माझ्या हातात दिली. "तुमी घरावाले. तुमाला लागंल."

इतक्यात वावराचा मालक आला. "काय हाय ते?"

तिनं फोटो उंच धरला. "आमचं घर हाय."

त्यानं हात पुढं केला तशी ती दोन पावलं मागं सरकली. "हात नका लावू. लांबून बघा."