ट्रिगर ऑटोवर होता

माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकते. घरी म्हणायचे, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग. कारखान्यात तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, पण ठाऊक सगळ्यांना होतं. वाळूजच्या त्या कारखान्यात, मेंटेनन्स विभागात, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली मी एकटी. त्यात बाई. त्यात कारखान्यातला एकुलता एक ऑसिलोस्कोप माझ्या ताब्यात. मग काय विचारता! ढकलगाडीवर तो ठेवून मी शेडमधून निघाले की लोक वाट सोडायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

ऑसिलोस्कोप ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. जुन्या टीव्हीसारखी एक छोटी काच. तिच्यावर हिरवा ठिपका डावीकडून उजवीकडं धावतो आणि तारेतलं व्होल्टेज जसं वर-खाली होईल तशी रेघ काढतो. ठिपक्यानं धाव नेमकी कधी सुरू करायची ते ठरवणारा भाग म्हणजे ट्रिगर. तो नीट लावला नाही तर रेघ सरकत राहते, नाचते, काही म्हणता काही वाचता येत नाही. नवशिक्याचा घाम तिथंच निघतो. माझी रेघ मात्र कायम स्थिर असायची. दोन बटणं इकडं, एक नॉब तिकडं, की रेघ गप्प उभी. तेवढ्यावर माझा रुबाब चालला होता.

आमच्या फोरमनसाहेबांनी त्या रुबाबात आणखी भर घातली होती. मी मशीनपाशी गाडी लावली की ते शेडभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "ताईंचं मीटर लागलंय, वेल्डिंग बंद ठेवा रे!" आजूबाजूची स्पॉट वेल्डिंगची मशीनं थांबायची. वेल्डिंग चालू असलं की रेघ थरथरते, हे त्यांनी एकदा बघितलं होतं. तेव्हापासून हा मान. पाहुण्याला पाट मांडावा तसं माझ्यासाठी वेल्डिंग बंद व्हायचं, आणि मीही बिनधास्त त्या पाटावर बसायचे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. पहिल्या पाळीत पत्रा दाबायच्या एका प्रेसवर अपघात झाला. प्रेस चालवणारा माणूस पैठणकडच्या खेड्यातला, चाळिशीचा, कामाला एकदम शांत. पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवत असतानाच प्रेस खाली आली आणि डाव्या हाताच्या करंगळीचं एक पेर गेलं. बोट पूर्ण वाचलं नाही, पण हात वाचला म्हणून सगळ्यांनी देवाचे आभार मानले. ते मानून होताहेत तोवर चौकशी सुरू झाली.

त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन बाजूंना. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे हात आपसूक बाहेर राहायचे. मग हात आत असताना ती आली कशी? काही जण नग लवकर निघावेत म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकायचे आणि एका हातानं काम उरकायचे. हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. आणि नेमकी त्या प्रेसखाली एक पाचर सापडली. तशा पाचरी शेडमध्ये चार ठिकाणी पडलेल्या असायच्या, पण ते कोण ऐकतो! तो एकच सांगत राहिला, "म्या पाचर मारली नाय. प्रेस आपोआप आली." त्याला निलंबित केलं. बेपर्वाई सिद्ध झाली तर नोकरी जाणार, हे उघड होतं.

प्रेस खरंच आपोआप येऊ शकते का, हे तपासायचं काम माझ्याकडं आलं. बटणांच्या तारा एका इलेक्ट्रॉनिक कार्डात जात होत्या आणि ते कार्ड प्रेसला खाली यायचा हुकूम सोडायचं. कार्डाला विजेचा एवढासा ठोका मिळाला तरी पुरे, ते तो धरून ठेवायचं आणि प्रेसचा अख्खा फेरा द्यायचं. मी बटणांकडून येणाऱ्या तारेवर ऑसिलोस्कोप लावला. फोरमनसाहेब ओरडले, वेल्डिंग थांबलं. मी ट्रिगर ऑटोवर ठेवला, रेघ जरा शहारत होती म्हणून बारीक खडखडाट गाळणारं बटणही दाबलं. सुंदर, सरळ, हिरवी रेघ. दोन दिवस बघितलं. मग अहवालात लिहिलं, नियंत्रण कार्डात व तारांत कोणताही दोष आढळला नाही. खाली झोकात सही केली.

तिसऱ्या दिवशी तो प्रेसवाला मला कारखान्याच्या फाटकाबाहेर भेटला. हाताला पांढरं बँडेज, डोक्यावर टोपी, आत यायची परवानगी नाही.

"ताई, नीट बघितलं का? ती अधनंमधनं आपोआप येतीया. आधी पण दोनदा आली व्हती. तवा हात भायेर व्हता म्हनून बोललो नाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या रेघेवर शंका! मी म्हटलं, "दादा, माणूस खोटं बोलतो, मशीन नाही बोलत."

त्यानं मान हलवली आणि बस थांब्याकडं चालू लागला. हे वाक्य मी बोलले, मीच. इतकी वर्षं झाली, अजून मधूनच आठवतं आणि हातातलं काम थांबतं.

त्याच आठवड्यात ऑसिलोस्कोपचा फोकसचा नॉब सैल झाला. शहरात तो दुरुस्त करणारा माणूस एकच. औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. वयस्कर, पांढरी दाढी, चष्म्याला दोरी. मी त्यांना चाचा म्हणायचे. रिक्षात मांडीवर यंत्र घेऊन मी दुपारी तिथं पोचले. चाचांनी चहा मागवला, यंत्र समोर ओढलं, पण चालू करायच्या आधी नुसतंच त्याच्या तोंडाकडं बघत बसले.

"ये बटनां किसने लगाए?"

"मी. शेवटच्या कामाला लावली होती तशीच ठेवलीत."

"क्या ढूँढ रहे थे?"

मी ऐटीत सगळी कथा सांगितली. प्रेस, पाचर, सरळ रेघ, अहवाल. चाचांनी चहाचा घोट घेतला, कप बशीत ठेवला.

"बेटा, ऑटो पे रखे तो ये खाली-पीली दौड़तेच रहता. कुछ हो या नको हो, लकीर दिखाता. साल में एक बार आने वाला ठोका उसमें कायकू दिखेगा? और उप्पर से तुमने ये गाळणी भी लगा दी. जिसकू पकड़ना है, उसीकू दरवाजे पे रोक दिए."

मी वाद घातला. अर्थातच घातला! म्हटलं, चाचा, रेघ स्थिर नको का? ते हसले. "लकीर कू क्या, खड़ी रह जाती. तुमकू चोर पकड़ना है कि लकीर?"

आणि मग त्यांनी मला समोर बसवून धडा दिला. ट्रिगर नॉर्मलवर ठेवायचा. म्हणजे ठोका येईपर्यंत ठिपका धावणारच नाही, काच काळीच राहील. काळ्या काचेला घाबरायचं नाही. गाळणी काढायची. 'स्लोप'चं बटण चढत्या बाजूला ठेवायचं, कारण ठोका वर जाताना पकडायचाय. आणि लेव्हल. त्या नॉबवर आकडे नसतात. खाली ठेवला तर सगळा कचरा पकडतो, वर ठेवला तर काहीच पकडत नाही. चाचा म्हणाले, तुमचं कार्ड किती व्होल्टला 'हो' म्हणतं? मी सांगितलं. त्यांनी दुकानातल्या पॉवर सप्लायवरून बरोबर तेवढं व्होल्टेज देऊन नॉब हळूहळू फिरवला, जिथं यंत्र जागं झालं तिथं पेन्सिलीनं बारीक खूण केली. "यहाँ रखो. कार्ड जितने पे फसता, तुम भी उतनेच पे पकड़ो."

मला भर दुपारी घाम फुटला. पाच वर्षं मी ते यंत्र वापरत होते आणि प्रत्येक वेळी ट्रिगर एकाच हेतूनं लावत आले होते, रेघ छान दिसावी म्हणून. मी चाचांना म्हटलं, "आणि माझी सही गेलीय त्याच्यावर." चाचा म्हणाले, "तो दूसरी करो. हाथ सलामत है ना तुम्हारा?" हे त्यांनी टोमण्यानं म्हटलं नव्हतं. पण मला ते करंगळीपर्यंत जाऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा प्रेसपाशी गाडी लावली. प्रेसची मोटर बंद, कार्ड तेवढं चालू. फोरमनसाहेबांनी छाती भरून श्वास घेतला आणि ते ओरडणार, तेवढ्यात मी त्यांचा हात धरला.

"साहेब, आज काही बंद करू नका. रोजच्यासारखं सगळं चालू ठेवा."

"अहो ताई, रेघ हालंल ना!"

"हलू द्या!"

ते बिचारे गोंधळले. इतकी वर्षं केलेली खातिरदारी मी अशी परत केली. पण भला माणूस, त्यांनी सगळी वेल्डिंगची मशीनं चालू करायला लावली. अपघाताच्या वेळी तीच तर चालू होती! आणि मी तपासताना प्रत्येक वेळी ती बंद होती. आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांचा मान राखत, चोराला आधी बाहेर काढलं होतं आणि मग घर तपासलं होतं.

काचेवर काळं कापड टाकून मी आत डोकं घातलं. एक तास काही नाही. दोन तास काही नाही. जाता-येता लोक विचारायचे, "ताई, मीटर बिघडलं काय?" एकाला मी असं झापलं की तो दिवसभर त्या वाटेनं आला नाही. पाठ भरून आली. मनात येऊ लागलं, बरोबरच होता की आपला अहवाल. आणि माझी मलाच लाज वाटली, कारण तसं व्हावं असं मला वाटत होतं.

आणि चमकलं. डोळ्याची पापणी लवावी इतकं. एक टोकदार ठोका, सरळ वर आणि खाली, मग पुन्हा काळोख. मी कापड फेकून दिलं आणि अशी ओरडले की फोरमनसाहेब धावत आले. त्यांना दाखवायला आता काहीच नव्हतं. मग मी यंत्र एकाच धावेवर लावलं. त्यात एक छोटा दिवा लागतो आणि ठोका आला की विझतो. वेल्डिंग चालू, दिवा लागलेला, आम्ही चौघं-पाचजण त्या दिव्याकडं टक लावून. बटणांना कुणाचा हात नाही. अर्ध्या तासानं दिवा विझला. फोरमनसाहेब हळूच म्हणाले, "आयला, आपोआपच आली की." बटणांच्या केबलवरचं जाळीचं कवच जिथं अर्थिंगला जोडलं होतं, तो स्क्रू गंजून सैल झाला होता. वेल्डिंगचा धक्का तिथून आत शिरत होता.

दुसरा अहवाल घेऊन मी पर्सोनेल मॅनेजरसमोर उभी राहिले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "दोन्हींवर सही तुमचीच. खरा कोणता?"

"दुसरा. पहिल्यात मी चुकले." माझ्या फाइलमध्ये ताकीद पडली. पडू दे. त्या ताकिदीचा मला राग आला नाही, आणि माझ्या बाबतीत ही नवलाची गोष्ट आहे.

प्रेसवाल्याला कामावर परत घेतलं. रुजू झाला त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. मी माफी मागायला सुरुवात केली. तो म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या ताई. मला ती दाखवा एकदा."

"कोणती?"

"ती आपोआप आल्याली खूण. समद्यांनी बघितली, म्या नाय बघितली." मग खाली बघत म्हणाला, "तुमचा कागद वाचून दाखवला ना मला साहेबांनी, तवापासून मलाच वाटाया लागलं व्हतं. मीच मारली असंल पाचर. कायतरी इसरलो असंल. घरात बायकूला बी तसंच सांगितलं म्या."

मी उठले, गाडी ढकलत प्रेसपाशी नेली आणि मोटर बंद केली. नव्यानं घट्ट केलेला तो स्क्रू फोरमनसाहेबांनी स्वतः सैल केला. नियमात बसत नव्हतं, पण त्यांनी विचारलंही नाही. वेल्डिंगवाल्यानं डबा बाजूला सारला आणि रिकाम्या पत्र्यावर ठोके द्यायला लागला. काळं कापड मी प्रेसवाल्याच्या डोक्यावरून काचेवर पांघरलं. जेवणाची सुट्टी संपत आली, भोंगा झाला, कुणी हललं नाही. वेल्डिंग चालूच होतं.

कापडाआडून आवाज आला, "दिसली."

तो बाहेर आला नाही. बराच वेळ आतच राहिला, आणि त्याचे खांदे हलत होते.