त्रेसष्ट माणसं, चार हात

ऋचाची सगळी चित्रं मी टेबलावर मांडली आणि त्यातली माणसं मोजली. त्रेसष्ट भरली. मग त्यांचे हात मोजले. चार.

कुणाचे हात खिशात, कुणाचे पाठीमागे, कुणाचे टोपलीआड. एका बाईनं तर भर उन्हात शाल गुंडाळून घेतली होती. चेहरे मात्र देखणे, पापणी न् पापणी काढलेली. मी ऋचाकडे पाहिलं. ती मान खाली घालून पेन्सिलीला टोक करायला लागली. टोक आधीच केलेलं होतं.

मी बसवनगुडीत चित्रकलेचा क्लास चालवते. मूळची निपाणीची, बंगळुरात येऊन तीस वर्षं झाली. बारावीनंतर आर्ट कॉलेजला जाणाऱ्या मुलांची एन्ट्रन्सची तयारी करून घेणं हे माझं काम. या परीक्षेत समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायच्या असतात, ते स्टिल लाइफ. एखादा प्रसंग आठवून काढायचा असतो, ते मेमरी ड्रॉइंग. आणि शेवटी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक चित्रांची फाइल घेऊन इंटरव्ह्यूला बसायचं. थोडी लेखी परीक्षाही असते, पण तिच्यापायी कुणाचं फारसं अडत नाही.

ऋचाच्या वडिलांना, वानखेड्यांना, हे शेवटचं वाक्य काही पटेना. नागपूरचे, आयटीत मोठ्या पदावर, राहायला सर्जापूर रोडला. लेखी परीक्षेसाठी त्यांनी एक्सेल शीट बनवली होती, कोणती शैली कोणत्या शतकातली ते सगळं रंग देऊन. माणूस वाईट नव्हता, घाबरलेला होता. सायन्स घेतलेल्या मुलीनं मध्येच चित्रकलेचा हट्ट धरलेला. शेवटी बापलेकीत ठरलं, एकच संधी. सरकारी कॉलेजात नंबर लागला तर ठीक, नाहीतर गुपचूप इंजिनिअरिंग. तिथली ॲडमिशन करूनही ठेवली होती. आणि आमच्याकडे होते आठ आठवडे.

हात काढायला सगळ्यात अवघड. बोटांची लांबी, सांधे, काय धरलंय, किती जोरात धरलंय, सगळं जमावं लागतं. म्हणून मुलं हात लपवतात. तपासणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. ते आधी हातच बघतात.

मी ऋचाला सांगितलं, आजपासून फक्त हात. तिनं लगेच फोन काढला, हातांचे फोटो शोधायला. मी तो घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

माझा क्लास दुसऱ्या मजल्यावर, आणि खाली एक दर्शिनी आहे, म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. सकाळी तिथं शे-दीडशे हात नुसते चालू असतात. मी नियम केला. दहा मिनिटं खाली उभं राहून बघायचं, कागद-पेन्सिल न घेता. मग दोन जिने चढून वर यायचं आणि आठवून काढायचं. विसरलं तर परत खाली. पहिल्या आठवड्यात ती दिवसाला दहा-बारा वेळा जिना चढली आणि कागदावर निघाले आल्याचे गड्डे. रडली एकदा. मी म्हटलं, रड, पण उद्या साडेसातला ये.

खाली कॉफी करणारे मंजुनाथ अण्णा. त्यांनी तिसऱ्या दिवशी मला निरोप धाडला, ही पोरगी समोरच्या हॉटेलवाल्यानं पाठवलीय का? नुसती हाताकडे बघत बसते! मी खाली जाऊन सगळं समजावलं. ते म्हणाले, सरी, म्हणजे ठीक, पण मला चित्र दाखवा. दाखवलं, तर भडकलेच. कानडीत त्यांनी जे सुनावलं त्याचा मतलब असा, की कॉफीचा गरम लोटा असा मुठीत धरला तर हात भाजून निघेल. काठाला धरतात, अंगठा आणि दोन बोटं. तिला म्हणावं, स्वल्प, जरा नीट बघ. त्या दिवसापासून ऋचाचं चित्र आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे यायला लागलं. माझा एवढा धाक कुठल्याच मुलाला कधी वाटला नाही.

तिसऱ्या आठवड्यात वानखेडे न सांगता आले. लेक त्यांना क्लासऐवजी हॉटेलात उभी दिसली. तिला घेऊन तडक वर आले.

"मॅडम, माझी मुलगी खाली काय करून राहिली?"

"अभ्यास."

"सिलॅबसमध्ये कुठे आहे हा?"

"नाहीये," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा लाल झाला. मीही काही गोड स्वभावाची नाही. पुढच्या पाच मिनिटांत आम्ही एकमेकांना बरंच सुनावलं. ते म्हणाले, वर्ष वाया गेलं तर तुम्ही भरून देणार का? मी म्हटलं, मग क्लास बदला. खरं सांगते, ऋचा गेली असती तर मला वाईट वाटलं असतं, पण अडवलं नसतं.

तेवढ्यात ऋचा बोलली. तोवर ती माझ्यासमोर चार वाक्यं धड बोललेली नव्हती.

"बाबा, मला हात येत नव्हते म्हणून मी लपवत होते. तुम्ही ती चित्रं सगळ्यांना दाखवायचात आणि मला लाज वाटायची. आता यायला लागलेत. मला इथंच राहू द्या."

वानखेडे खुर्चीत बसले. म्हणाले, "बघू दे." तिनं ताजा कागद दिला. डोसा मोडणारा हात होता, गरम म्हणून नुसत्या बोटांच्या टोकांनी. त्यांनी तो वर धरून पाहिला आणि नकळत स्वतःची बोटं तशी करून पाहिली. मग कागद तिला परत देऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुलगी वेळेवर हजर होती.

परीक्षा झाली. मेमरी ड्रॉइंगला भाजीबाजार आला. तो सगळ्यांचा पाठ असतो. ऋचानं त्यात फक्त तीन माणसं काढली, पण सहाही हात कामाला लावलेले. पोर्टफोलिओतून मी तिची नेटवरून उतरवलेली सगळी देखणी पोर्ट्रेट काढून टाकली. वानखेड्यांनी निदान एक तरी ठेवा म्हणून गळ घातली. मी ऐकलं नाही. फाइल भरून दर्शिनीतले हातच गेले.

इंटरव्ह्यूच्या दिवशी मी आणि वानखेडे बाहेर बाकावर. बाकीची मुलं दहा मिनिटांत बाहेर येत होती. ऋचाला अर्धा तास झाला. काय झालं असणार ते मला कळलं होतं. आम्ही क्लासवाले मुलांच्या चित्रांवरून हात फिरवतो, म्हणजे ती गुपचूप सुधारून देतो. मीही पूर्वी फिरवलाय. पॅनेलला हे माहीत असतं, आणि फाइल जास्तच चांगली असली की संशय येतो.

तसंच झालं होतं. पॅनेलच्या मधोमध बसलेल्या वयस्कर सरांनी फाइल मिटून विचारलं होतं, हे तुमच्या टीचरनं काढलं ना? ऋचा नाही म्हणाली. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला. मग तिला म्हणाले, खुर्ची भिंतीकडे फिरव. मी आत्ता काय केलं ते काढ. वळून बघायचं नाही.

तिनं काढलं. चष्म्याची दांडी डाव्या हातात, उजव्या अंगठ्याखाली दुमडलेला रुमाल. आणि डाव्या हाताची करंगळी, शेवटच्या सांध्यात बाहेरच्या बाजूला वाकलेली.

सरांनी कागद घेतला. मग स्वतःचा डावा हात टेबलावर ठेवला. करंगळी वाकडी होती. शेजारच्या बाईंनी वाकून ती बघितली, जणू इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सर एवढंच म्हणाले, "शाळेत क्रिकेट खेळताना मोडली होती. जा तू."

ऋचानं बाहेर येऊन हे सांगितलं. मी त्या कॉरिडॉरमध्येच टाळ्या वाजवल्या. शिपाई बघायला लागला. बघू दे म्हटलं. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालालाही झाला नव्हता.

यादी लागली. पहिल्याच पानावर ऋचाचं नाव होतं. वानखेड्यांनी ते तीनदा वाचलं. मग बाजूला जाऊन त्यांनी इंजिनिअरिंग कॉलेजला फोन लावला आणि ॲडमिशन स्वतःच रद्द केली. माझ्याकडे येऊन त्यांनी हात जोडले, आणि ऋचा त्यांच्या जुळलेल्या हातांकडे टक लावून बघत राहिली.

हल्ली पालक विचारतात, एन्ट्रन्सला अभ्यास काय करायचा? मी सांगते, मूल काय टाळतंय ते शोधा, तोच अभ्यास. ते मन लावून लिहून घेतात. मग विचारतात, याचं पुस्तक कुठलं?