बेसबॉलच्या शोधात सुमनताई

सुमनताई गजभिये यांची माझी पहिली भेट नॉटिंगहॅमच्या इस्पितळातल्या कॅन्टीनमध्ये झाली. त्या वॉर्ड सिस्टर, मी नवा लॅब टेक्निशियन. डबल शिफ्ट करून दोघंही दमलेलो. भिंतीवर स्टाफच्या राउंडर्स मॅचची नोटीस होती.

"हा बेसबॉलचाच भाऊबंद," ताई म्हणाल्या. "बेसबॉल कुठला, सांग बरं?"

"अमेरिकेचा."

"वाढला तिथे. जन्मला इथे. इंग्लंडच्या पोरी खेळायच्या."

निवृत्तीनंतर ताईंनी याच शोधाला वाहून घेतलं. हा खेळ अमेरिकेतून परतणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर क्युबात आणि अमेरिकन शिक्षकांबरोबर जपानात कसा पोहोचला, तेही त्यांनी धुंडाळलं. जुन्या कागदपत्रांच्या अर्काइव्हला नेणारा ड्रायव्हर मी. मी कुरकुरलो की म्हणायच्या, "बाबासाहेबांची लेकरं आपण, वाचायचा कसला कंटाळा?"

माझ्या पत्नीच्या आजारपणात याच ताई महिनाभर रोज डबा घेऊन आल्या. बोलायच्या कमी, भांडी घासून निघून जायच्या.

एकदा एका मुलीच्या जुन्या पत्रात त्यांना 'बेस-बॉल' सापडला, ठाऊक असलेल्या सगळ्या उल्लेखांहून जुना. व्याख्यानासाठी हॉल बुक झाला. स्लाऊ, बेसिंगस्टोक अशा लांबच्या शहरांतूनही आपली मंडळी येणार होती. व्याख्यानाच्या आदल्या दिवशी ताईंचा फोन आला, "भाऊ, ते पत्र पुन्हा बघायचंय."

अर्काइव्हमध्ये पुसट अक्षरं त्यांनी भिंगाखाली धरली. 'बेस' म्हणजे पकडापकडीचा जुना खेळ होता, आणि मधली रेघ म्हणजे पूर्णविराम. पुढचा 'बॉल' वेगळ्या वाक्यातला, नाचाच्या समारंभाचा. चेंडू नव्हताच.

"कोणाला कळणार आहे, ताई?" मी म्हणालो.

"मला कळलंय ना."

दुसऱ्या दिवशी भरल्या हॉलमध्ये त्यांनी पहिलंच वाक्य उच्चारलं, "मी चुकले." पुढच्या रांगेतल्या, इथेच जन्मलेल्या एका मुलीने विचारलं, "आजी, मग तुमचा सगळा मेहनत वेस्ट गेला?"

"बरीच गेली, बाळा. दमलेसुद्धा," ताई म्हणाल्या. मग खुर्ची मागून घेतली आणि जे खरं हाती उरलं होतं, ते तासभर बसून सांगितलं. परतताना गाडीत त्या शांत झोपल्या. मला मात्र माझ्या त्या प्रश्नाची फार लाज वाटत होती.

आज ताई पंचाहत्तरीत पदार्पण करत आहेत. त्यांचे डोळे, गुडघे धडधाकट राहोत, शंभरी त्या निरोगीपणे गाठोत. आणि त्या स्वतःहून कधीच घेणार नाहीत ती विश्रांतीही त्यांना लाभो. पुढच्या मंगळवारी गाडी काढायला सांगितलंय, काढतो आहे.