मोगऱ्याकडची भिंत

भेगेत माझा हात मनगटापर्यंत सहज गेला. पाद्रीसाहेब मागे उभे होते. म्हणाले, "पाडायची का?"

"साहेब, आत्ता तर आलो. हात तरी बाहेर काढू द्या," मी म्हटलं.

हे अकोल्याचं आमचं प्रार्थनाघर. मी तेव्हा अमरावतीला सरकारी बांधकामावर ओव्हरसियर होतो, भिंत बघायला साहेबांनी बोलावून घेतलं होतं. घरचा ख्रिस्ती खरा, पण देवापेक्षा माझा भरवसा ओळंब्यावर जास्त. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन. भिंत सरळ आहे की कललेली, ते तो कुणाची भीडभाड न ठेवता सांगतो. इथे पूर्वेची भिंत बाहेर झुकली होती आणि कोपरा वरपासून खालपर्यंत उकलला होता. पाऊस तोंडावर आलेला. छत अंगावर यायच्या आत साहेबांना एकच उत्तर हवं होतं: पाडायचं की ठेवायचं?

ठेवायचं तर दुरुस्तीला मिस्त्री हवा. आणि ज्यानं ते बांधलं तो मिस्त्री अंगणातल्या निंबाखाली भिंतीकडे पाठ करून बसला होता.

याकोब मिस्त्री मूळ नगरकडचा. बायको मार्था हिला घेऊन कापसाच्या तेजीत इकडे आला. ती तेजी ज्यांनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं! अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचं मोल आलं. ज्याला हात होते तो प्रेसवर गेला. प्रेस म्हणजे कापूस दाबून गठ्ठे करायचा कारखाना. त्याच्या शेड बांधायला गवंड्यांना घरून उचलून नेत. याकोबनं एकही शेड घेतली नाही. आधी देवाचं घर, म्हणाला. मजूर मिळेनात, तर नवराबायकोनंच दगड वाहिले.

पायाचं तेवढं राहून गेलं. नगरकडे थोडं खणलं की मुरूम लागतो, आणि मुरमावर पाया बसला की माणूस निर्धास्त. अकोल्याची काळी माती संपता संपत नाही. खणायला माणसं नव्हती. जिथवर दोघांचा दम पुरला तिथवर पाया गेला.

मग लढाई थांबली. कापसाचा भाव असा आपटला की प्रेस बंद पडले. प्रार्थनेला येणाऱ्या मंडळीतली निम्मीअधिक माणसं गाठोडी बांधून गावी गेली. त्याच सुमारास मार्था तापानं गेली. आणि पुढच्या उन्हाळ्यात कोपऱ्याला केसाएवढी रेघ उमटली. आता त्यात माझा हात जात होता. याकोबनं चुना लावायची थापी पेटीत टाकली होती आणि आत पाऊल टाकणं सोडलं होतं.

मी त्याच्यापाशी जाऊन बसलो. "याकोबदादा, जरा येता का? पायाजवळ खणून बघू."

"तुम्हीच खणा, साहेब. देवाला माझ्या हातचं काम नकोय. आधी माणसं नेली, मग ती नेली, मग भिंत फोडली. अजून किती वेळा सांगायचं त्यानं?"

मी फावडं घेतलं.

इन्स्पेक्शनची माझी रीत साधी होती. दोन बाजूंना दोन खड्डे खणायचे आणि माती हातात घ्यायची. पश्चिमेला माती दगडासारखी वाळलेली, तिला भेगाच भेगा. काळी माती अशीच असते, वाळली की आक्रसते, भिजली की फुगते. मग पूर्वेला फावडं मारलं, तर ते रुतलं! माती गार, ओली, फावड्याला चिकटून वर आली. भर वैशाखात!

प्रार्थनाघर झाडणाऱ्या राहेलबाई दाराशी उभ्या होत्या. "बाई, इथं पाणी कुठून येतं?" मी विचारलं.

"कुठून म्हंजे? मिस्त्री घालते ना जी! मार्थाचा मोगरा हाये तो. गावात प्याले पानी नाही, पन हा मानूस पहाटी मोर्णा नदीतल्या झिऱ्यावरून घागरी आनते अन् मोगऱ्याले घालते. काहून, काई चुकलं काय?"

भिंतीच्या कडेनं टोकापासून टोकापर्यंत मोगरा होता. सगळं अकोला करपून गेलेलं आणि हा हिरवागार, कळ्यांनी भरलेला. आल्यापासून त्याचा वास येत होता, पण माझं लक्ष भेगेवर.

काय झालं ते मला तिथेच कळलं. खाटेच्या एका पायाखाली वीट सरकवली की खाट कुरकुरते, तसं झालं होतं. तीन बाजूंची माती उन्हानं आक्रसून खाली बसली. मोगऱ्याकडची तेवढी फुगून वर राहिली. भिंत बिचारी कोपऱ्यात फाटली.

आता हे त्याला सांगायचं कसं? खरं सांगतो, तेव्हा मला खोटं बोलावंसं वाटलं. पाया कमी पडला एवढंच सांगून मोकळं व्हावं. पण मग पाणी चालूच राहिलं असतं.

"दादा, देवानं भिंत फोडली नाही," मी म्हटलं. "पाण्यानं फोडली. मोगऱ्याच्या पाण्यानं."

तो उठून खड्ड्यापाशी आला. वाकून ओल्या मातीचं ढेकूळ उचललं, दाबलं, बोटं उघडून पाहिली. त्याला जास्त समजवायची गरज नव्हती, तो गवंडी होता.

"म्हणजे मीच," तो म्हणाला.

राहेलबाई दारातून खड्ड्यापाशी आल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, वरीसभर तुमी देवाले बोल लावून राहिले. त्याले काय वाटलं असन?"

याकोब तिथेच, खड्ड्याच्या काठावर गुडघ्यांवर बसला. हातात ढेकूळ तसंच. डोळे मिटले आणि सरळ, शेजाऱ्याशी बोलावं तसं बोलला, "प्रभू, उगाच तुझ्यावर आळ घेतला रे मी." आणि मग जो रडायला लागला, की पाद्रीसाहेबांनीही टोपी काढली. मला प्रार्थनेची फार गोडी नव्हती. त्या दिवशी मात्र मी मनापासून आमेन म्हटलं.

मोगरा पावसाआधी काढणं भाग होतं. वाफा तसाच ठेवला तर पहिल्याच झडीत पाणी भिंतीशी तुंबलं असतं. ऐन उन्हात उपटलेलं झाड जगत नाही, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. "पावसाळा लागेस्तोवर थांबता नाही येणार?" त्यानं एकदाच विचारलं. मी नाही म्हटलं. त्याचा हात पुढे होईना, तेव्हा मीच कुदळ घातली. मुळं मातीसकट गोणपाटात बांधून आम्ही ती मार्थाच्या कबरीपाशी लावली. वाफ्याच्या जागी मुरूम ठोकून भिंतीपासून बाहेर उतार काढला.

संध्याकाळी मी चुना कालवला. भेगेवर चुन्याची आडवी पट्टी मारून ठेवायची असते. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे असं समजायचं. मी पट्टी मारायला गेलो तर याकोबनं हात धरला. "द्या इकडं. तुमचा हात हिशेबाचा, चुन्याचा न्हाई." पेटीतून त्यानं थापी काढली. गंजली होती. धोतराच्या सोग्याला पुसली आणि पट्टी मारली, अशी सफाईदार की मला माझ्या चुन्याची लाज वाटली.

पावसाळाभर पट्टी टिकली. दिवाळीनंतर त्यानं भेग बुजवली, कलता भाग उतरवून पुन्हा रचला. भेगेच्या भीतीनं निंबाखाली प्रार्थना करणारी राहिलेली थोडी मंडळी परत आत बसू लागली. याकोब पहिल्या रांगेत, भिंतीच्या अंगाला बसायचा.

मोगरा जगला नाही. एकही फांदी फुटली नाही. नंतर त्याच्याकडे गेलो की तो विषय आम्ही दोघंही काढत नसू. काही दिवस थांबलो असतो तर? भिंत गेली असती, हे मला कळतं. तरी ते कुदळीचे घाव मला अजून आठवतात.

पुढे नव्या ओव्हरसियरांना मी कायम बजावत आलो, काळ्या मातीत भिंतीच्या कडेला झाड लावू नका, पाणी घालू नका. कुणी कारण विचारलं, तर मातीचं फुगणं समजावून सांगायचो. मोगऱ्याचं कधी बोललो नाही.