पान एकशेबारावरचं पिवळं घर

काकांचं खरं नाव धक्क्यावर कोणी घेत नसे. सगळे त्यांना 'एकशेबारा' म्हणत आणि तेही बिनदिक्कत ओ देत. तीस वर्षं त्यांनी नदीच्या मुखाशी प्रवाशांची लाँच चालवली होती, पण अभिमान लाँचीचा नव्हता. अभिमान होता एका पुस्तकातल्या दोन ओळींचा.

पुस्तक म्हणजे किनाऱ्याची मार्गदर्शिका. खडक कुठे, वाळू कुठे, कोणती खूण धरून नदीत शिरायचं, हे सगळं तिच्यात असतं. बोटवाले तिला नुसतं 'पायलट' म्हणतात आणि बोट बांधलेली असली तरी वाचत बसतात. जिथे जन्मात जायचं नाही तिथलीही पानं वाचतात! काकांकडे तिच्या सहा आवृत्त्या होत्या. नवी आली म्हणून जुनी टाकायची, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. जुनीच्या समासात स्वतःच्या हातची पेन्सिल असते, ती नवीत कुठून येणार?

बावीस वर्षांपूर्वी त्यांनी प्रकाशकाला एक पत्र टाकलं होतं आणि पुढच्या आवृत्तीत, पान एकशेबारावर, ते चक्क छापून आलं: 'टेकडीवरील पिवळे घर व त्यामागची भट्टीची चिमणी एका रेषेत धरून सरळ आत यावे. डावीकडे वाळूचा दांडा आहे.' नाव नव्हतं, पण घर त्यांचंच होतं. तेव्हापासून त्या घराला दुसरा रंग लागला नाही.

काकू पिवळ्याला विटल्या होत्या. "कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात," त्या म्हणत, "माझे डोळे धड आहेत, तरी मला तेच दिसतंय." त्यातून लोक म्हणजे एकेक नग. पिवळ्या घरात द्यायचं म्हणून भेटीही पिवळ्याच आणत. चादरी, पडदे, टेबलावरची कापडं. काकूंनी सगळं एका ट्रंकेत कोंबून वर कुलूप ठोकलं होतं.

यंदा सातवी आवृत्ती आली. काकांनी पाकीट दारातच फाडलं आणि थेट एकशेबारावर गेले. तिथे लिहिलं होतं, 'बंदर कार्यालयाने उभारलेले दोन लाल खांब एका रेषेत धरावेत.' घराचा उल्लेखच नव्हता. काका पायरीवर बसले. चहा निवून गेला.

"लाव तुला हवा तो रंग," ते शेवटी म्हणाले.

काकूंना त्यांच्याकडे बघून वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून घेण्यात त्यांनी दिवस घालवला नाही. सकाळी रंगारी हजर. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नदीकडची भिंत पांढरीशुभ्र झाली.

काका घराकडे पाठ करून अंगणात बसले होते, डोळ्याला दुर्बीण. मुखाशी एक शिडाची बोट दिसली. ओहोटी लागलेली. बोट थबकली, जरा इकडे वळली, जरा तिकडे वळली, आणि मग ठरवून डावीकडे निघाली. लाल खांबांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"अरे, ही कुठे चालली?" काका उठले. डावीकडे काठावर गेल्याच वर्षी एक गोदाम झालं होतं. ते होतं पिवळं. गोदाम आणि चिमणी एका रेषेत धरली की बोट सरळ वाळूवर!

काकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "अगं, यांच्याकडे जुनं पुस्तक आहे!" ते ओरडले. भीतीने की आनंदाने, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. "आपलं घर शोधतायत ते! आणि आपलं घर पांढरं!"

काकूंनी एकदा बोटीकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे, आणि त्या आत धावल्या. किल्ली सापडेना. त्यांनी बत्त्याने कुलूप फोडलं आणि ट्रंकच अंगणात ओढत आणली. "बघताय काय? बांधा!" रंगाऱ्याची परांची अजून भिंतीला उभी होती. रंगारी वर, काका मधल्या फळीवर, काकू खालून एकेक चादर फेकतायत. हळदी, लिंबी, मोहरी, पिवळ्याच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा होत्या तेवढ्या भिंतीवर लटकल्या. काकांचे गुडघे कुरकुरत होते, पण ऐकतो कोण!

"वळली का हो?" काकू ओरडल्या.

"नाही अजून... थांब. शीड पाडलं. थांब, थांब... वळली! अगं, वळली!"

बोट हळूहळू फिरली, घर आणि चिमणी तिने नाकासमोर धरली आणि ती सुतासारखी सरळ आत आली. काका परांचीवर उड्या मारायला लागले, तेव्हा रंगाऱ्याने त्यांना कमरेला धरलं.

तासाभराने एक तरुणी टेकडी चढून आली. बोट तिचीच होती. तिच्या काखेत कडा झिजलेली, मिठाने फुगलेली दुसरी आवृत्ती होती.

"बाबांचं पुस्तक आहे," ती म्हणाली. "ते गेले मागच्या वर्षी. नवं घ्यायचं म्हणत होते सगळे, पण माझ्याच्याने हे सोडवेना. भलत्याच वाटेला लागले होते मी. चादरी दिसल्या म्हणून वाचले."

तिने पान एकशेबारा उघडलं. त्या दोन ओळींखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'हे घर दिसलं की जिवात जीव येतो. कोण राहतं कोणास ठाऊक, देव त्यांचं भलं करो.'

काकांनी ते तीनदा वाचलं. त्यांनी पुस्तक काकूंच्या हातात दिलं. काकूंनी वाचलं, डोळे पुसले आणि पाहुणीला बसायला खुर्ची दिली.

रंगारी बिचारा ब्रश धरून उभाच होता. "मग, काकू, पांढऱ्याचा दुसरा हात उद्या मारू ना?"

"पांढरा घेऊन जा परत," काकू म्हणाल्या. "पिवळा आण. आणि जरा गडद आण बाबा, लांबून दिसला पाहिजे."