खिट्टीपाशी उडालेले कपॅसिटर

प्रतिक्षा माझ्या झेरॉक्सच्या दुकानात अर्धं टेबल घेऊन कंप्युटरची ग्राफिक कार्डं दुरुस्त करते. लाखनीत तिला सगळे मानतात. भंडाऱ्यात मात्र तिचं नाव खराब झालं, आणि ते केलं अनुपने. त्याच्याच दुकानात ती काम शिकली. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या बाबूलालच्या स्टुडिओचं कार्ड अनुपच्या हातून बिघडलं आणि त्याने बाबूलालसमोर बोट दाखवलं हिच्याकडे. त्यानंतर भंडाऱ्यातल्या एकाही दुकानाने तिला दारात उभं केलं नाही. नालायक माणूस.

परवा तोच अनुप तोंड वर करून आमच्याकडे आला. हातात बाबूलालचंच नवं कार्ड, ऐन लग्नसराईत बंद पडलेलं. प्रतिक्षाने ते भिंगाखाली धरलं. कार्ड काढताना ते ज्या खाचेत बसतं तिची खिट्टी बोटाने सोडायची असते. अनुपला ती स्क्रूड्रायव्हरने ढोसायची खोड. स्क्रूड्रायव्हर सटकून कार्डावरचे मोहरीएवढे दोन कपॅसिटर उडाले होते. तिच्या माथी मारलेल्या मागच्या कार्डावरही ओरखडा तिथेच होता.

"करून दे न," अनुप म्हणाला. "झालं गेलं काहून धरून बसली?"

या कपॅसिटरवर क्षमतेचा आकडा छापलेला नसतो. म्हणून तिने डब्यातून त्याच जातीचं मेलेलं कार्ड काढलं, नेमक्या त्याच जागेवरचे दोन उचलले आणि गरम हवेच्या हॉट गनने इकडे बसवले. कार्ड कंप्युटरला लावताच पडद्यावर चित्र आलं. अनुपने हात पुढे केला.

"थांबा. पह्यले बाबूलालभाऊले फोन लावा. तवाचं कार्ड कोनं बिघडवलं ते सांगा. स्पीकरवर."

मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? अनुप चुळबुळला, पण काम अडलेलं होतं. फोन लावून पुटपुटत कबूल झाला.

पलीकडून बाबूलाल हसला. "मले तवाच मालूम होतं. स्क्रूड्रायव्हर तुह्याच हातात पाहिला होता मी. जाऊ दे, कार्ड कधी आणतं?"

एवढी वर्षं प्रतिक्षाला वाटत होतं, बाबूलाल फसला. तिने कंप्युटर बंद करून कार्ड काढलं, हॉट गन पुन्हा सुरू केली आणि बसवलेले दोन्ही कपॅसिटर चिमट्याने उचलून घेतले. फोन चालूच होता.

"बाबूलालभाऊ, कार्ड कसं सुरू होते, मले मालूम आहे. तवा तुमी चुप बसले, आता मीबी चुप बसतो."

अनुप कार्ड पिशवीत घालून उन्हातच बसस्टँडकडे निघाला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.