नव्या चाळीतली पहिली नीज

चाळ पुरी झाली की उरलेल्या विटा वखारीत परत जातात. उरलेले किस्से मात्र आमच्या गिरगावातल्या ओटीवर येऊन पडतात! आबा चाळींचे कंत्राटदार, त्यामुळे मुकादम, गवंडी, सुतार सगळे संध्याकाळी ओटीवरच असतात. मी कॉलेजात जाते म्हणून या गप्पा मी ऐकू नयेत, असं आत्याचं मत. म्हणून मी त्या मुद्दाम ऐकते.

बहुतेक किस्से हिरामावशीचे.

हिरामावशी माहीमची कोळीण. आमच्या धंद्यात एक चाल आहे: खाडीच्या पाण्याखालच्या खाजणात भरणी टाकून जी चाळ उठते, तिथे भाडेकऱ्यांच्या आधी मावशी एक रात्र निजते. दाराला आतून कडी आणि उंबऱ्याच्या आत गोड्या पाण्यानं भरलेला पितळी पेला. सकाळी पेला रिकामा असला की चाळ माणसांना द्यायची. भरलेला असला की थांबायचं.

"ही दर्याची जागा," मावशी सांगते. "दर्यात गेलेल्यांना गोडं पानी कुठं मिळतं? ते आधी पिऊन जातात. मग घर आपलं."

"उंदीर पितात, मावशी!" मी म्हटलं.

"आनि थेंब न सांडता पेला कोरडा करतात काय गो?"

*

मावशीचा दादला होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. उजव्या हातातल्या बांगड्या तिनं कोळ्यांच्या रिवाजाप्रमाणे, दादल्याला सांभाळ म्हणून, लग्नातच दर्याला दिल्या होत्या. डाव्या हातातल्या हिरव्या अजून आहेत. कुणी त्या उतरवायचं सुचवलं की ती म्हणते, "बघून आलास काय त्याला तू?"

आणखी एक सवय. रिकामा पेला उचलला की ती तळाशी बोट फिरवते, जिभेला लावते आणि 'नाही' म्हणून मान हलवते. काय नाही, ते कधी सांगत नाही.

*

पूर्वी मावशीची वळकटी खुंटीवरून दिवाळीनंतरच उतरायची. मग गिरण्या वाढल्या, कोकणातून माणसं लोटली, आणि परळ-लालबागेत काल खाजण तिथे आज जिना दिसू लागला. वळकटी खुंटीला लागेना. ओल्या चुन्याच्या वासानं मावशीला खोकला जडला.

धोंडू मुकादम म्हणायचा, "मुंबईत घरं किती उठली ते सरकारला विचारू नका, मावशीच्या पाठीला विचारा!"

एकदा दोन चाळी एकाच दिवशी तयार झाल्या. दोन्ही मालक आमच्या ओटीवर हमरीतुमरीवर आले. मावशीनं शांतपणे पान लावलं आणि म्हणाली, "एकीकडं मी निजते. दुसरीकडं शेट, तुम्ही निजा."

शेटजींना एकाएकी आठवलं की त्यांना मुळीच घाई नाही!

*

एक तरुण इंजिनीयर आला होता. बूट, हॅट, तोंडात सतत 'सायन्स'. या बाबतीत तो मला आवडला होता, खोटं का बोलू! त्यानं मावशीला बाहेर ठेवलं, खोलीत नुसता पेला ठेवून कुलूप घातलं आणि कुलपावर लाखेची मोहोर केली.

सकाळी मोहोर शाबूत. पेला कोरडा.

"बाष्पीभवन!" तो म्हणाला.

बाष्पीभवन मीही शिकले आहे. मुंबईच्या दमट हवेत एका रात्रीत ते अख्खा पेला पीत नाही. पण हे आबांसमोर कबूल कोण करतं!

पुढच्या महिन्यात त्याच इंजिनीयरानं माहीमला निरोप धाडला. त्याचा स्वतःचा बंगला तयार झाला होता.

*

करी रोडला एका चाळीत पेला भरलेलाच राहिला. मालक थांबला नाही, बिऱ्हाडं घुसवली. मग रोज सकाळी घरोघरचे माठ रिकामे! बायका नळावर एकमेकींच्या झिंज्या धरू लागल्या. "माझं पाणी तूच चोरलंस, मेले!"

शेवटी मावशीला बोलावलं. तिनं जिन्याच्या पायथ्याशी पाण्यानं भरलेला एक हंडा ठेवायला लावला. भांडणं थांबली. हंडा अजून आहे आणि बायका तो पाळीपाळीनं भरतात.

मी आबांबरोबर गेले होते तेव्हा तळमजल्यावरच्या एका बाईला विचारलं, "हा कुणासाठी हो?"

ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "खालच्यांसाठी."

*

मग प्लेग आला. भरलेल्या चाळी ओस पडल्या, अर्ध्या भिंती तशाच उभ्या राहिल्या. आबांनी स्वतःची म्हणून बांधलेली लालबागची चाळ तयार होती, पण पाय ठेवायला कुणी नव्हतं. माहीमच्या किनाऱ्यावर सरकारी माणसांनी रोगाच्या धास्तीनं झोपड्या जाळल्या, त्यात मावशीचीही गेली. ती वळकटी घेऊन आमच्या ओटीच्या पायरीवर येऊन बसली. इतकी घरं उघडणाऱ्या बाईला घर नाही!

"लालबागची एक खोली तिला द्या," मी आबांना म्हटलं.

"घर उघडणारीला घरात ठेवत नाहीत, यमू."

आत्या आतून म्हणाली, "ती राहिली की मागोमाग तेही राहतील."

"ते म्हणजे कोण?"

"शिकलेल्या मुलींनी नावं विचारू नयेत!"

मी जेवण सोडलं. माझं दुसरं ताट परत गेलं तेव्हा आबा नमले. "चाल मात्र पाळायची. पेला रिकामा झाला तर खोली तिची. नाहीतर तिनं आपली वाट धरावी."

पण मावशीच अडून बसली. "आपल्या घरात आपन पयलं निजायचं नसतं." मग दुसरं कोण निजणार, असं आबांनी विचारताच धोंडू चपला शोधू लागला. गवंडी पांगले.

"मी निजते," मी म्हटलं.

रात्रीची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. दुपार चालेल, असं मावशीनंच सांगितलं. "दर्याला दिस नाय, रात नाय. भरती असली म्हनजे झालं."

*

खोलीत चुन्याचा वास होता. मी कडी घातली, पेला उचलला आणि गटागटा पिऊन टाकला! कोळणीच्या पेल्यातलं पाणी मी प्यायले हे आत्याला कळलं असतं तर घरभर गोमूत्र शिंपडलं असतं. रिकामा पेला उंबऱ्याशी ठेवला. झाली चाल! मावशीची खोली नक्की. मग निवांत चटईवर पडले. डोळा लागला.

जाग आली ती घसा कोरडा पडून. ऊन भिंतीवरून उतरलं होतं. कडी जशीच्या तशी होती.

पेला काठोकाठ भरलेला होता.

बाहेरून आबांनी हाक मारली, "यमू, झालं का? पेला काय म्हणतो?"

त्यांच्यामागे मावशीचा खोकला ऐकू आला. भरलेला पेला दाखवला असता तर ती आजच्या आज रस्त्यावर गेली असती. मी तो उचलला आणि तोंडाला लावला. खारट! अंग शहारलं, डोळ्यांतून पाणी आलं. पण थेंबही न सांडता संपवला. मग कडी काढली.

"रिकामा!"

आबांनी पेल्यात डोकावून पाहिलं. "ठीक आहे. खोली तिची."

मावशीनं पेला माझ्या हातातून घेतला. नेहमीसारखं तळाशी बोट फिरवलं, जिभेला लावलं. मी तिच्या मानेकडे बघत राहिले. मान हलली नाही.

ती आत गेली. वळकटी सोडली, चटई अंथरली, तिच्या बाजूला लुगड्याची दुसरी घडी पसरली. मी काही बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात तिनं ओठांवर बोट ठेवलं. हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

"हळू बोल गो बाय," ती म्हणाली. "दमून आयलाय तो."